निळ्या मण्याची पेटी

(इजिप्तमधलं तांता शहर. लग्नं चित्रित करण्याचं शुक्रीचं दुकान. वरातीला दोन तास अवकाश. टेबलावर शुक्रीने स्वतः बनवलेली कॅमेऱ्याच्या बॅटरीची पेटी. समोरच्या दुकानातला वहबा, धंदा तोच, आत आलेला.)

वहबा : नाही, छान जमलीय. पाण्याचा पाइप आहे असं वाटतसुद्धा नाही. जरा लांबून बघितलं की.

शुक्री : दोन तुकडे शेजारी चिकटवले, पाच-पाच सेल भरले, तोंडाशी दोन पितळी पट्ट्या. काल कॅमेरा सलग तीन तास चालला.

वहबा : माझी कुवेतची बॅटरी पन्नास मिनिटांत मान टाकते. अर्थात, ती बॅटरी आहे.

शुक्री : म्हणून तर हज्जा फौकियाने या खेपेला, धाकट्या मुलीच्या लग्नाला, मला बोलावलं. थोरलीच्या लग्नात तुझ्या कॅसेटमध्ये नवरी जिन्यावरच राहिली.

वहबा : पुढचं मी तोंडी सांगितलं होतं सगळ्यांना.

शुक्री : ती अजून जिन्यावरच आहे, वहबा. दोन मुलं झाली तिला.

वहबा : हज्जाने मलाही यायला सांगितलंय. कॅमेरा घेऊन. तुझं हे बंद पडलं तर असावं म्हणून.

शुक्री : कळलं ते. नवा कोट दिसतोय.

वहबा : जुनाच आहे. इस्त्री केलीय. झाकणाला हा निळा मणी कसला?

शुक्री : दृष्ट लागू नये म्हणून. आज सकाळीच बांधला.

वहबा : कुणाची दृष्ट?

शुक्री : असं नाव घेऊन कुणी बांधतं का?

वहबा : या गल्लीत कॅमेरेवाले दोनच आहेत, शुक्री.

शुक्री : मणी माझा नाही. तुझ्या बायकोने आणून दिला.

वहबा : इन्साफने?

शुक्री : म्हणाली, "भाऊ, आमचे हे दोन दिवस धड जेवत नाहीयेत. पेटीला मणी बांधाच."

वहबा : पोट बिघडलं होतं माझं.

शुक्री : असेल. सरक जरा, झाकण लावतो. निघायचंय.

वहबा : लाव... थांब.

शुक्री : काय?

वहबा : काही नाही. लाव.

शुक्री : अरे, लावू की थांबू?

वहबा : मणी कशात ओवलायस?

शुक्री : तांब्याच्या तारेत. दोरा तुटला असता.

वहबा : झाकण मिटलं की तार दोन्ही पट्ट्यांवर बसते. बघ नीट. सरळ शॉर्ट. नवरी जिन्यावर पोचायच्या आत तुझ्या खांद्यावरून धूर.

शुक्री : या अल्ला! ...मग गप्प का नाही बसलास? वरात तुला मिळाली असती.

वहबा : बसणार होतो. कोट काय उगाच घातलाय? पण पेटी जळल्यावर तांतात एक माणूस तारेला दोष देईल?

शुक्री : नाही देणार.

वहबा : सगळ्यांत आधी माझी बायको माझं नाव घेईल. ...धर ही नाडी.

शुक्री : बुटाची काढलीस? मग तू वरातीत चालणार कसा?

वहबा : तुझी पेटी चालली तर मला कुठे चालायचंय. बांध तो मणी. आणि गाठ घट्ट मार, मी अजून बघतोच आहे.