सत्तेचाळीस नंबरचा मुकादम

— नाही नाही, उभ्यानं नका विचारू साहेब, बसा आधी. त्या खोक्यावर बसा, मजबूत आहे. पाणी घ्या. घाम आलाय तुम्हाला, आणि आत तर इतका गारठा की मला स्वेटर घालावा लागतो. सत्तेचाळीस नंबरचं मशीन कुठंय? सांगतो की. सांगत नाही असं म्हणालोय का मी? माहीत तर आहेच. साठ मशीनं आहेत आत, पाच रांगा, आणि एकेक मशीन या दोन हातांनी उचलून खणात सरकवलंय, चारही स्क्रू मी आवळलेत — मला नाही माहीत असणार तर कुणाला? पण वय झालं साहेब. एकदम विचारलं की सुचत नाही. सुरुवातीपासून आठवत आठवत गेलं की बरोबर सापडतं. किती वाजले? अकरा वीस? मग आहे की वेळ. बसची तिकिटं बाराला सुटणार ना? चाळीस मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली.

तुम्हाला वरती काय म्हणतात माहितीय का? ‘आत्ता साहेब’. हो, सगळे म्हणतात, अगदी जिन्याखालचा वॉचमनसुद्धा — आत्ता साहेब आले, आत्ता साहेब जेवायला गेले. तुम्ही बारा वर्षांत एकदाही ‘उद्या’ म्हणाला नाहीत म्हणून. आमच्या धाकट्या लेकीनं पाडलेलं नाव ते, इथं कामाला असताना. रागावू नका, मायेनं पाडलं होतं, तेव्हा ती तुम्हाला फार मानायची. घरी आली की तुमचंच कौतुक — साहेबांनी हे शिकवलं, साहेबांनी ते दाखवलं. आणि मग ती मला शिकवायची. मी अडाणी, मला काय कळणार ते एजंट का फेजंट? तर म्हणाली, बाबा, मुकादम समजा. प्रत्येक मशीनवर एक मुकादम बसवायचा. वरती मुख्य केंद्र आहे, ते कामं वाटतं. मुकादमानं दर अर्ध्या मिनिटाला केंद्राला ओरडून सांगायचं, मी अमुक नंबरचा, जिवंत आहे, काम द्या. तो गप्प बसला की केंद्र समजतं, हे मशीन मेलं, आणि त्याचं काम दुसऱ्याला देऊन टाकतं. मुकादमाच्या खिशात एक चिठ्ठी असते — ती तुमची सेटिंगची फाइल — तिच्यात लिहायचं तू कोण, कुठल्या रांगेत, कुठल्या खणात, आणि केंद्राचा पत्ता काय. बस. एवढं मलाही कळलं. नीट सांगितलं की दगडालाही कळतं साहेब, सांगणाऱ्याला घाई नसली की झालं.

घड्याळ कशाला बघताय? मी येतोच आहे सत्तेचाळीसवर. तीच तर गोष्ट आहे.

दोन वर्षांपूर्वी बारा नवी मशीनं आली, आठवतंय? धाकटी म्हणाली, उद्या संध्याकाळपर्यंत द्या, प्रत्येकावर मुकादम स्वतंत्र बसवते. तुम्ही काय म्हणालात? — बरोबर. आत्ता. तिनं एक तयार केलं होतं, सत्तेचाळीस. त्या मुकादमाला त्याचा ओळखनंबर मिळाला होता. ती जेवायला उठली, स्क्रीन बंद करणार तर तुम्ही म्हणालात, राहू दे उघडीच, मला बघायचंय. ती गेली आणि तुम्ही तिच्या खुर्चीत बसलात. एकाची कॉपी अकरांवर मारलीत, ओळखनंबरासकट. पुसायचा असतो तो आधी! तिनं दहा वेळा सांगितलं होतं. — मला कसं माहीत? साहेब, मी तिथंच होतो. शिडीवर. ट्यूब बदलत होतो तुमच्या डोक्यावर. तुम्ही वर बघितलंतही, आणि म्हणालात, काका, धूळ पाडू नका. शिडीवरचा माणूस दिसतो, पण त्याला डोळे असतील असं कुणाला वाटत नाही.

मग काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. बारा मशीनं एकाच वेळी ओरडायला लागली, मी सत्तेचाळीस, मी सत्तेचाळीस! केंद्राचं डोकं फिरलं बिचाऱ्याचं. एकच खिडकीची जागा बारा जणांना विकली. बसस्टँडवर मारामाऱ्या — एक बाई म्हणे ड्रायव्हरच्याच जागेवर जाऊन बसली, माझं तिकीट आहे, उठणार नाही म्हणून. हसू येतं ना? मला तेव्हा आलं नाही. कारण संध्याकाळी तुम्ही सगळ्यांना उभं केलंत आणि खापर धाकटीवर फोडलंत. लॉगिन तिचं, म्हणजे चूक तिची. आणि वर काय बोललात — शब्द न् शब्द पाठ आहे माझा — ‘घरात बापाला अक्षरओळख नाही, तिथं आणखी काय अपेक्षा ठेवायची?’ मी मागं शिडी धरून उभा होतो. धाकटीनं माझ्याकडं बघितलं. तुमच्याकडं नाही, माझ्याकडं. जसं काही तिनं माझाच अपराध केला होता.

मोठ्या बाईंकडं गेलो होतो मी. मालकीण आहे, ऐकून घेईल वाटलं. तुम्ही शेजारीच बसला होतात, म्हणालात, बाप आहे, बाप बोलणारच. झालं, संपलं. आता ती झेरॉक्सच्या दुकानात असते. जिथं अर्ज करते तिथले लोक इथं फोन करून विचारतात, आणि इथं फोन कोण उचलतं? तुम्हीच. ती म्हणते बाबा, जाऊ द्या. दोन वर्षं म्हणतेय जाऊ द्या. जात नाही हो साहेब. मी रोज खाली मान घालून तुम्हाला नमस्कार करतो आणि रोज ते तिथंच असतं.

अरे, उठू नका, उठून कुठं जाणार? आत जाऊन शोधाल? साठही काळी, साठही सारखी. कागदी नंबर होते प्रत्येकावर, मी चिकटवलेले. गेल्या महिन्यात पाहुणे येणार म्हणून तुम्हीच म्हणालात, ही चिटोरी काढा, भिकार दिसतं, सिस्टिमला सगळं माहीत असतं. मी तीनदा विचारलं, नक्की काढू? आत्ता काढा, म्हणालात. काढली. कोमट फडक्यानं, डिंकाचा डागसुद्धा ठेवला नाही. आणि सिस्टिमला काही माहीत नव्हतं, कारण त्याच आठवड्यात तुम्ही पुन्हा एकाच चिठ्ठीची कॉपी साठांवर मारलीत — या खेपेला ओळखनंबर तेवढे सांभाळलेत, पण रांगा-खण सगळे कोरे. ओळीनं मोजायला जावं तर ओळ कुठाय? पंखा बिघडला की मशीन टेबलावर येतं, परत जातं ते मिळेल त्या खणात. ते सगळं इथं आहे, या टकलात.

सगळ्याच तारा उपटायच्या म्हणता? उपटा की. एकही तिकीट विकलं जाणार नाही, आणि तेच बघायला आलेले आजचे पाहुणे वरच बसलेत.

घाबरू नका, काम दोन मिनिटांचं आहे. मशीन सापडलं की कीबोर्ड जोडायचा, केंद्राच्या पत्त्यातला शेवटचा आकडा तेवढा नीट करायचा, की मुकादम पुन्हा —

काय? …असं म्हणालो मी? शेवटचा आकडा?

…हं.

तुम्ही तर फक्त सत्तेचाळीस केंद्राला दिसत नाही एवढंच बोललात, नाही का. बरं. बोललो तर बोललो. मीच फिरवला. सकाळी तुमचं टेबल पुसायला आलो, तुम्ही खाली पाहुण्यांना आणायला गेलेलात, आणि स्क्रीन उघडी. वर सत्तेचाळीस लिहिलेलं, खाली ती चिठ्ठी. अक्षरं येत नाहीत मला, आकडे येतात. आठचा तीन केला. साठवायचं कसं ते धाकटीचे हात बघून बघून ठाऊक होतं. वाट थोडी का बघितली मी? दोन वर्षं बघत होतो. आता केंद्राला वाटतं सत्तेचाळीस मेलं, त्यानं जागांची यादी दुसऱ्याला दिली. आणि सत्तेचाळीस मेलेलंच नाही, तेही आपल्याकडची जुनी यादी घेऊन बाराला तीच तिकिटं विकायला बसणार. वरून तुमचा हात तिथं पोहोचत नाही, कारण वरचा हुकूम मशीनपर्यंत नेतो तोच मुकादम, आणि त्याला आता केंद्राचा पत्ताच चुकीचा. पण प्रवाशांना तोशीस लागू देणार नव्हतो हं. पावणेबाराला सांगणार होतो. तोवर तुम्हाला या खोक्यावर बसलेलं बघायचं होतं, एवढंच.

सांगा ना बाईंना! जरूर सांगा. पण लॉगिन तुमचं आहे साहेब. म्हातारा अंगठेबहाद्दर, त्यानं केलं म्हणून कोण ऐकेल? सुटायचं असेल तर तुम्हाला पटवून द्यावं लागेल, की उघड्या स्क्रीनवर दुसराच माणूस बसून काम करून जातो आणि नाव लॉगिनवाल्याचं लागतं. द्या पटवून. मग बाई विचारतील, असं याआधी कधी झालं होतं का? — मी दारात उभाच असेन.

कुणाला फोन लावताय? बाईंना? …नाही? तिला? तिला कशाला — ठेवा तो! तिचा नंबर अजून आहे तुमच्याकडं? साहेब, ती कामात असेल, ती उचलणार —

उचलला.

…

काय म्हणाली? सांगितलं? असंच? काही न विचारता, दोन वर्षांनी, चौथी रांग, दारापासून तिसरं, खालून दुसरा खण — लक्षात आहे होय तिच्या. असणारच. माफी मागितलीत? ‘ते राहू द्या, आधी मशीन बघा’ म्हणाली? …तीच ती.

अहो, धावताय कुठं? थांबा! थांबा म्हणतो ना, तार उपटू नका! तिथं सत्तेचाळीस नाही. ती होती तेव्हाचं सांगतेय ती. गेल्या वर्षी हलवलंय मी. तिथं आता बावीस आहे, यादी ज्याला दिलीय तेच — आकडा स्क्रीनवर बघितलाय मी — चांगलं चाललेलं. तुम्ही कीबोर्ड जोडून न बघताच हात घालणार, मी ओळखतो ना तुम्हाला, आणि संध्याकाळी पुन्हा सगळ्यांना उभं करून म्हणणार, तिनं सांगितलं होतं. गप्प बसलो असतो हो मी. आणखी दहा मिनिटं आरामात बसलो असतो. पण तिचा शब्द खोटा पडू देणार नाही, तुमच्यासमोर तर नाहीच.

दुसरी रांग. भिंतीकडचं शेवटचं. सगळ्यात वरचा खण. तिनाचा आठ करा.

आणि तो फोन द्या इकडे, चालूच आहे तो. — हॅलो, बाळ? मीच गं. नाही, भांडत नाहीये. जेवलीस का? …काही नाही केलं मी. …बरं, केलं थोडं. सांगतो, थांब हं जरा.

तुम्ही निघा साहेब. आम्ही घरचं बोलतोय.