टाळाची हजेरी

थांबा! टाळ थांबवा जरा. पखवाजवाले, तुम्ही पण. अहो, हात जोडून सांगतो, थांबा!

हां. आता मंडळी, हातातला टाळ उचला आणि त्याच्याकडं बघा. रोज वाजवता, कधी बघितलाय का? हा टाळ कुणी ओतला? त्या माणसाचं नाव काय? ठाऊक नाही ना! आणि त्यालाही तुमचं नाव ठाऊक नाही. त्यानं तिकडं कुठंतरी भट्टीपाशी घाम गाळला, तुम्ही इथं देवापुढं उभे राहिलात. दोघांची गाठ या जन्मात पडायची नाही. मग माझा आजचा प्रश्न ऐका - ज्याला आपण कधी बघणार नाही, त्याच्याशी कसं वागावं?

सोपं वाटतंय? मान डोलावू नका एवढ्यात! ऐका.

धामणवाडी नावाचं एक गाव. तिथं ओताऱ्याचं एकच घर. थोरला यशवंत, धाकटा रायबा. बाप गेला तेव्हा घरात इस्टेट काय होती? एक भट्टी, चार मुशी, मातीचे साचे आणि एक रीत. रीत अशी, की टाळाचा नवा जोड तयार झाला की तो विकायचा नाही. आधी मारुतीच्या देवळात न्यायचा. संध्याकाळच्या भजनात वाजवायचा. एका संध्याकाळी एकच नवा जोड, म्हणजे त्याचा आवाज वेगळा ऐकू येतो. भजनात तो जोड मिसळला, तर त्याची हजेरी लागली! मग गिऱ्हाईकाला द्यायचा. नाही मिसळला, तर दोन्ही वाट्या वितळवायला परत मुशीत!

का हो एवढं? तर टाळाच्या दोन वाट्या दिसायला सारख्या असतात, पण आवाज प्रत्येकीचा निराळा. एकीला तिची जोडीदारीण शोधून द्यावी लागते. लग्न जमवण्यासारखंच आहे ते! - हसू नका, तुमची जमलीत म्हणून बरं! - आणि हे जमवायचं काम यशवंतदादाचं. रायबानं ओतायचं, कानशीनं घासायचं. दादानं वाटीवर वाटी टेकवायची, डोळे मिटायचे, ऐकायचं. दिवस दिवस ऐकायचं.

आता अशानं टाळ विकणार किती? आसपासच्या पाच-पंचवीस गावांत धामणवाडीचा टाळ म्हणजे टाळ, पण घरातली तोंडं वाढत चाललेली. रायबाच्या मनात आलं, धंदा बाहेर न्यावा. लांब न्यावा. मंडळी, हे पाप नव्हे हां! तसं कुणी माझ्या तोंडी घालू नका. मी तरी याच गावात बसून कीर्तन करतो का? बोलावलं की परजिल्ह्यात जातोच की! धंदा वाढावा. चार घरांत चूल पेटावी. देवाला त्याचा राग नाही.

एक दिवस शहरातला व्यापारी आला. पूजेच्या सामानाचं मोठं दुकान. त्यानं टाळ वाजवला आणि म्हणाला, "रायबाशेठ, चीज आहे ही! नागपूर, बडोदा, इंदूर - जिथं मराठी माणूस तिथं भजन, जिथं भजन तिथं टाळ. पण मला जोडावारी नको. पोती भरून पाहिजेत."

जन्मात पहिल्यांदा कुणी 'शेठ' म्हटलं! रायबा हरखला. घरी येऊन म्हणाला, "दादा, आता हजेरी बंद."

दादा वाट्या लावत बसले होते. हात थांबला. "बंद? आणि जोड कसे लावायचे?"

"आकार बघून. सारखी वाटी दिसली की दोरी ओवायची."

"रायबा, आवाज?"

"दादा, माल लांब चाललाय! तिकडं कुणाला कळतंय?"

मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. तिकडं कुणाला कळतंय! केवढं सोपं वाक्य. तुम्ही-आम्ही आठवड्यातनं एकदा तरी म्हणतोच.

दादा भांडले नाहीत. हातातली वाटी खाली ठेवली. म्हणाले, "बरं बाबा. मग माझं काय काम?" आणि उठून देवळाकडं गेले. त्या दिवसापासनं दादा भट्टीकडं फिरकेनात. सकाळी देवळाच्या पायरीवर बसायचे, जेवायला घरी, की परत पायरीवर. रायबाला वाईट वाटायचं. नाही असं नाही! पण वाईट वाटायलासुद्धा सवड लागते, आणि रायबाला सवड कुठली? दुसरी भट्टी झाली. कामाला माणसं आली. खोके छापले. खोक्यावर धामणवाडीच्या मारुतीचं देऊळ, आणि खाली 'शुद्ध नादाचे टाळ'! ज्या देवळात टाळ जाणं बंद झालं, त्याच देवळाचं चित्र खोक्यावर! माल सुटला नागपूरला, बडोद्याला, इंदूरला. तक्रार? एक नाही! रायबा छातीवर हात ठेवून सांगायचा, "बघा, एकाची तक्रार नाही."

मग व्यापारी म्हणाला, "इंदूरकडची सगळी भजनी मंडळं एकत्र येऊन मोठी मागणी देणार आहेत. तुम्ही स्वतः चला. बनवणारा माणूस दिसला की विश्वास बसतो."

गेले दोघं. इंदूरजवळचं लहानसं गाव, पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच राहिलेली मराठी घरं. त्यांचं विठ्ठलाचं देऊळ. मंडळाच्या प्रमुख सुमतीबाई, वयानं पासष्टीच्या. रायबाचं नाव कळलं मात्र, बाई धावत बाहेर आल्या. "अहो, टाळवाले आले! धामणवाडीहून आले!" रायबाला पाटावर बसवला. कपाळाला गंध, हातात नारळ. बाया-माणसं पाया पडायला लागली त्याच्या! तो लाजून अर्धा झाला.

सांज झाली. भजन सुरू झालं. आणि रायबा चमकला. पेटी आहे, पखवाज आहे, माणसं मोकळ्या गळ्यानं गातायत - आणि टाळ नाही! एकाच्याही हातात नाही. सगळे टाळ्या वाजवतायत!

भजन संपल्यावर त्यानं विचारलं, "बाई, टाळ पोचले नाहीत काय आमचे?"

"पोचले ना! केव्हाच पोचले." बाईंनी देवाच्या कपाटातनं खोका आणला. आत रेशमी फडक्यात एकेक जोड गुंडाळलेला. "दसऱ्याला पूजा करतो आम्ही त्यांची."

"पूजा? आणि वाजवत का नाही?"

बाईंनी मान खाली घातली. म्हणाल्या, "आम्हांला जमत नाहीत हो. फार प्रयत्न केला. इतक्या लांबून, देवाच्या गावाहून आलेली वस्तू, तिच्यात खोट कशी असेल? आमचेच हात ओबडधोबड. आमच्यात एक दाजीबा आहेत, गिरणीत होते, लहानपणापासून टाळकरी. तुमचे टाळ आले, त्यांनी वाजवले, आणि सगळं भजन विसकटायला लागलं. जुने टाळ आम्ही दुसऱ्या मंडळाला देऊन बसलो होतो. मीच एक दिवस म्हणाले, दाजीबा, वय झालं, आता हात राहू द्या. तेव्हापासून ते घराबाहेर पडले नाहीत."

रायबानं फडकं सोडलं. जोड हातात घेतला. वाजवला.

मंडळी, काय सांगू! दोन माणसं एकाच वेळी एकमेकांवर ओरडावीत, तसा तो आवाज. दुसरा जोड घेतला, तसाच. तिसरा, तसाच! ज्यानं ओतले त्याच्याच कानाला सोसवेना.

व्यापाऱ्यानं कोपर मारलं. कानाशी लागला, "गप बसा! त्यांना वाटतंय दोष त्यांचा. वाटू दे की! उद्या बाकीच्या मंडळांची मागणी पक्की होणार आहे."

आणि खरंच, मंडळी, गप बसला असता तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही! मागणी मिळाली असती, तिसरी भट्टी झाली असती. बोलला, तर केलेलं सगळं मातीत. देवापुढंच उभा होता हो तो, कपाळावर त्यांनीच लावलेलं गंध अजून ओलं होतं.

तो एवढंच म्हणाला, "बाई, मला दाजीबांच्या घरी न्या."

दाजीबा ओट्यावर बसले होते. किडकिडीत म्हातारा, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. घरातनं त्यांची बायको म्हणाली, "असेच बसतात. आधी मांडीवर तरी ठेका धरायचे. आता तेही नाही."

रायबानं पायांवर डोकं ठेवलं. "दाजीबा, हात तुमचा चुकला नाही. टाळ माझे खोटे आहेत. मी ते न ऐकता पाठवले. तुम्हांला कळायचं नाही, असं धरून चाललो."

वाटलं काय त्याला? म्हातारा पाठीवर हात फिरवील, जाऊ दे म्हणेल. गोष्टीत तसंच असतं ना! तसं झालं नाही. दाजीबा म्हणाले, "मग एवढे दिवस मी घरात का बसलो?"

रायबा ओट्याखाली मातीत बसून लेकरासारखा रडला.

तेव्हा कुठं दाजीबा हलले. म्हणाले, "खोका आण." सगळ्या दोऱ्या सोडल्या. वाट्या ओट्यावर पसरल्या. एक उचलली, दुसरीवर टेकवली, डोळे मिटले. बाजूला ठेवली. तिसरी घेतली. आणि रायबाला वाटलं - हे तर दादा! तसंच बसणं, तशीच मान कलती. पुष्कळ वाट्या वाया गेल्या. पण एक जोड जमला! आवाज असा एकात एक मिसळला, की सुमतीबाईंनी तोंडाला पदर लावला. म्हातारा आपल्या हातांकडं बघत म्हणाला, "अगं, आहेत. शाबूत आहेत."

व्यापारी दुसऱ्या दिवशी रागानं एकटाच परत गेला. रायबा घरी आला तो थेट देवळाच्या पायरीशी. "दादा, चुकलो. तुमचा कान मी पायरीवर बसवला, आणि तिकडं आणखी एका टाळकऱ्याला घरात बसवला. चला, हजेरी लावायला चला." दादा म्हणाले, "आधी विकलेले सगळे परत बोलाव." बोलावले. वितळवले. फार वाईट दिवस काढले त्यांनी, दुसरी भट्टी विझली.

मग धंदा बुडाला का? नाही, मंडळी! सावकाश परत वाढला. इंदूरपर्यंत गेला. पण आता वाट्या सुट्या जायच्या, आणि तिकडं दाजीबा विठ्ठलाच्या देवळात बसून जोड लावायचे, भजनात हजेरी घ्यायचे. बडोद्यालाही असाच एक कान शोधला. जिथं माल गेला तिथं रीतही गेली. रायबाची चूक माल लांब पाठवला ही नव्हतीच. माल पाठवला आणि रीत घरी ठेवली, ही होती!

आता माझ्याकडं नका बघू. स्वतःकडं बघा. इथं दूध घालणारे बसलेत, घरं बांधणारे बसलेत, औषधं विकणारे, पोरांना शिकवणारे बसलेत. न दिसणाऱ्या देवापुढं आपण रोज डोकं टेकतो. आणि न दिसणाऱ्या माणसाबद्दल म्हणतो, तिकडं कुणाला कळतंय! अहो, तिकडं तो माणूस आपल्याला दोषसुद्धा देत नाही. तो स्वतःलाच दोष देत, हात मांडीखाली दाबून बसलाय. तुमच्या-माझ्यामुळं असा कोण कुठल्या ओट्यावर बसला असेल, ते आज घरी जाताना आठवा. आठवला तर उद्या त्याच्या दारात जा.

घ्या, टाळ घ्या हातात. जोरात नको. शेजाऱ्याचा ऐकू येईल, एवढाच वाजवा.