मांडीकडे बघत बसलेलं घर

नाही पण तुम्हीच सांगा, मांडी ही काय बघायची गोष्ट आहे? अहो, मी फुटबॉल खेळणारा माणूस! भरलेल्या मैदानासमोर पेनल्ट्या मारल्यात, पापणी लवली नाही कधी... आणि आता सोफ्यावर पाय लांब करून बसतो आणि आख्खं घर माझ्या मांडीकडे टक लावून विचारतं, ‘काही हललं का?’

झालं काय, तुम्हाला सांगतो, गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन, म्हणजे वाटीला हाडाशी बांधणारा दोरच, तुटला. पाडलं कोणी? कोणीच नाही! एकट्यानंच उडी मारली, एकटाच पडलो, म्हणजे शिव्या घालायचीसुद्धा सोय नाही! डॉक्टरांनी शिवला, झकास शिवला, पण ऑपरेशननंतर मांडी जी संपावर गेली ती गेलीच! फिजिओबाई म्हणतात, ‘घाबरलीय हो ती. समजूत काढा तिची. मांडी आवळा.’ आवळा काय आवळा! मी दात आवळतोय, मुठी आवळतोय, कान लालबुंद... मांडी ढिम्म! ‘ती आवळल्याशिवाय चालणं नाही, चालल्याशिवाय पळणं नाही, आणि पळणं नाही तर...’ तर काय, ते बाई बोलत नाहीत. मला कळतं ना! माझ्या जागी चिमण्या खेळतोय, आमचा राखीव खेळाडू. रोज फोन! ‘दादा, घाई करू नका हं, अजिबात नको!’ का रे? माझी जागा उबदार लागतेय वाटतं?

आणि घरचे! सासूबाई चष्मा पुसून वाकतात, ‘अगंबाई, हललं!’ आई, ते पंख्याच्या वाऱ्यानं केस हलले! बायको म्हणते, ‘तू मनापासून करतच नाहीस.’ बाबा म्हणतात, ‘आमच्या वेळी पडलो की उठायचो, खेळायचो.’ बाबा, तुम्ही कॅरम खेळायचात!

मागच्या आठवड्यात टीव्हीवर आमची मॅच. बरोबरी, शेवटची मिनिटं आणि पेनल्टी! मारणार कोण? चिमण्या! माझी पेनल्टी, चिमण्या! तो धावत निघाला आणि इकडे मी, नकळत हो, मनातल्या मनात चेंडूला अशी सणसणीत घातली... आणि मांडी आवळली! टणक! वाटी वर सरकली! मी ओरडलो, ‘हललं! अगं, हललं!’ तर आख्खं घर एका सुरात, ‘शूऽऽ! गप्प बस!’

गोल झाला. बाबा खुर्चीवर चढले, सासूबाई आणि बायको गळ्यात गळे घालून नाचल्या. एवढे दिवस डोळे फाडून बघत होते ना? नेमकं हललं तेव्हा एक जण बघेल तर शपथ!

दुसऱ्या दिवशी फिजिओबाई, ‘काही हललं का?’ म्हटलं, हललं! ‘दाखवा बघू.’ दात आवळले, मुठी आवळल्या... ढिम्म. सगळी हकीकत सांगितली. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘मग पुढची मॅच कधी आहे?’

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, मी रोज हात जोडतो... देवा, काहीही कर, पण त्या चिमण्याला पेनल्टी मिळू दे!