प्लेयरच्या पायांखालचं रबर

मंडळी, ऐका! घरात शांतता प्रत्येकाला हवी. मलाही हवी — मागच्या रांगेतल्या काकूंच्या गप्पा आटोपल्या की मिळेल! पण प्रश्न असा, की ही शांतता कुणाला गप्प करून मिळवायची?

साताऱ्याचा श्रीरंग सोनटक्के. बँकेतनं निवृत्त. छंद काय? रेकॉर्ड ऐकायच्या. चांगला छंद! पण गाणं ऐकता ऐकता माणसाला फरशीचे हादरे ऐकू येऊ लागले, की समजावं, डोकं फिरलं! म्हणे, फरशी हलते, म्हणून प्लेयर हलतो, म्हणून सुई थरथरते. झालं! प्लेयरखाली पितळी पाय. त्याखाली काळा ग्रॅनाइट. ग्रॅनाइटखाली स्प्रिंगा. स्प्रिंगांखाली परदेशी रबराच्या चकत्या! अहो, लग्नात वरमाईचे एवढे लाड होत नाहीत! पाय धुऊन तीर्थ घ्यायचं तेवढं राहिलं!

तरी सुई थरथरलीच. का? आतल्या खोलीत वडील — त्र्यंबकराव, ब्याऐंशी वर्षांचे. अर्धांगवायूनं वाचा गेलेली. पाणी हवं, काठी आपटायची. उठायचंय, काठी आपटायची. ठक! ठक! तेवढीच भाषा उरली होती हो त्यांना!

श्रीरंग वैतागला. बायको निरुपमा म्हणाली, "अहो, मामंजी हाक मारतायत."

"मग मारू देत ना! फरशीला कशाला मारतायत?"

वा रे पंडित! उरलेल्या चकतीचा तुकडा कापला अन् काठीच्या टोकाला चिकटवला. खोलीत जाड गालिचा अंथरला. वर म्हणतो कसा, "बाबा, आता काठी घसरायची नाही हं!" जीभसुद्धा अडखळली नाही मेल्याची!

रविवारी सकाळी निरुपमा बाजारात गेली. श्रीरंगानं मित्राला बोलावलं. प्लेयरशेजारी ग्रॅनाइटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवला. "मार उडी!" मित्रानं मारली. पाणी जागचं हललं नाही! "बघ! घरात हत्ती नाचला तरी सुईला पत्ता लागायचा नाही!" केवढा तो आनंद! दोन रेकॉर्डी दोन्ही बाजूंनी ऐकल्या — दीड तास!

निरुपमा परतली, सवयीनं आधी आत डोकावली — अन् किंचाळलीच! त्र्यंबकराव पलंगावरनं खाली पडलेले. खुब्याचं हाड मोडलेलं. काठी मुठीत घट्ट.

श्रीरंग धावत आत आला. वडिलांशेजारी बसून हुंदके देत म्हणाला, "बाबा, काठी आपटायची ना हो!"

म्हाताऱ्यानं काठी उचलली. आपटली. पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा आपटली. हातभर अंतरावर बसलेल्या लेकाला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

रबर उत्तम होतं, मंडळी!

अन् तुम्ही च्-च् कसलं करताय? तुमच्याकडं प्लेयर नाही म्हणून? आईनं हाक मारल्यावर "आलो, आलो" म्हणत मोबाइलवरनं मान वर न करणारे या मांडवात किती आहेत? हात वर करू नका, लाज तुमचीच जाईल! अन् देवाला सांगता, माझी हाक ऐक! कुठल्या तोंडानं सांगता? टाळ्या नकोत आज. घरी जा, हाक मारणाऱ्याला पहिल्या हाकेला ओ द्या — अन् मगच देवापुढं उभे राहा!