कानबाईच्या गाठोड्यात

(जामनेर. दिपमालाच्या हातात फोन, स्पीकर चालू. समोर तिची सासू सुगंधाबाई. पलीकडून बंदरावरचा एजंट प्रेमराज, मूळचा धुळ्याचा.)

प्रेमराज : फोटो नाही हो चालत, ताई! कस्टम्सचं काम झालंय. पण जहाज कंपनीला बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल ताब्यात घ्यायच्या कागदाची, मूळ प्रत लागते. ती हातात पडल्याशिवाय ते कंटेनर सोडत नाहीत.

दिपमाला : तिन्ही प्रती एकाच पाकिटात होत्या, भाऊ. सगळं घर पालथं घातलं.

प्रेमराज : हरवल्या असतील तर बँकेची हमी, पेपरात जाहिरात... दिवाळी उजाडेल.

दिपमाला : दिवाळी? अहो, केळी कापणीला आलीत! केळी वाळवायचं मशीन येणार म्हणून आमच्या गटातल्या उषाताई, भिकुबाई, सगळ्या बायांनी दुसरीकडची कामं सोडलीत. काय तोंड दाखवू त्यांना?

सुगंधाबाई : पाकीटवर जहाजनं चित्र व्हतं का व?

दिपमाला : आई! तुम्ही पाहिलंत?

सुगंधाबाई : श्रावणमा आपला घर कानबाई माय बसनी, त्याच दिवशी उनं ते पाकीट. मी म्हनं, भर समुद्रमा मशीन शे, माय सांभाळी लेई. तिना पायपाशी ठेवं.

दिपमाला : आणि मग?

सुगंधाबाई : मंग काय! नदीवरथून कानबाईना नारळ घर आना नि बठ्ठं लाल फडकामा बांधी टाकं.

दिपमाला : म्हणजे माळ्यावरच्या गाठोड्यात? कालपासून मी रडतेय, आणि तुम्ही गप्प बसलात?

सुगंधाबाई : भ्याव वाटनं माय. आपला घरमा ती गाठ पुढला श्रावणमाच सुटस. एक साल मन्ही धाकली जावनी ती मधमाच सोडी व्हती. त्याच साले मन्हा पह्यला पोऱ्या गया. आनि आते तू अशी पोटुशी!

प्रेमराज : ताई, मिळतायत का? तुमचे मिस्टर आजच निघायला हवेत.

दिपमाला : ते बाहेर गाडी सुरू करूनच बसलेत... आई, मला पण भीती वाटते हो. पण त्या बायांचं काय? उतरवते मी गाठोडं.

सुगंधाबाई : खबरदार! तू हात लावू नको. मी सोडसू. जे व्हयी ते माले व्हवो.

दिपमाला : गाठ घट्ट बसलीय, आई. मी धरू का?

सुगंधाबाई : दूर सरक म्हनस ना! ...हां. सुटनी. ले तुना कागद.

दिपमाला : मिळाले, भाऊ! तिन्ही आहेत. शिक्का, सही, सगळं स्वच्छ दिसतंय. कोपऱ्याला हळद लागलीय तेवढी.

प्रेमराज : लागू द्या हळद. आमच्याकडेही बसते कानबाई.

सुगंधाबाई : काय रे भाऊ, मंग तुमना घर कधी कोनी मधमाच गाठ सोडी का?

प्रेमराज : माहीत नाही, मावशी. आईला विचारून सांगतो.

सुगंधाबाई : विचार बाबा. पन माले आते नको सांगू. पोर बाळंत व्हई जाऊ दे, मंग सांग.