दांडी सरळ केली, अन् आमी फसलो

माह्या जुन्या जीपची ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांले जोर देणारा गिअरचा डबा, पार झिजला होता. बल्लारपूरच्या रशीदभाऊनं तो खोलून नवीन बेअरिंग टाकून बसवला. दुसऱ्याच दिवशी वहिनीले कळा सुरू झाल्या. पोंभुर्ण्याच्या दवाखान्यात नेताना जीप चिखलात फसली. म्या फोर व्हीलची दांडी ओढली, गिअर टाकला. इंजिन बोंबलून राह्यलं, पण एकही चाक फिरेना! रशीदभाऊले फोन लावला.

"दांडी कुठी हाये, भाऊ?"

"फोर व्हीलवर."

"ती जागा आता न्यूट्रलची. पहिले कोणीतरी उलटी बसवली होती, म्या सरळ केली."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"मले वाटलं, गाडी तुमची हाये, तुमाले माहीत असन!"

वहिनी कण्हत ओरडली, "भाऊजी, पहिले गाडी काढा, भांडण मंग करा!"

रशीदभाऊनं सांगतलं तशी दांडी एक घर पुढं सरकवली अन् चिखलातून निघालो. दवाखान्यात पोचलो, पुतणी झाली. पण उलट्या दांडीनं इतकी वर्षं मी नेमकी कोणती गाडी चालवत होतो, ते मले आजही समजलं नाई.