कळीपुढचा कॅमेरा

मखमलाबादहून निघालेल्या बसमध्ये कुसाबाईंच्या पुढच्या सीटवर मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर कॅमेरा, आईच्या मांडीवर मोगऱ्याची पाटी आणि दोघींच्या मधे जुन्या लुगड्यात गुंडाळलेला ट्रायपॉड. कुसाबाईंनी डुलकी काढायचा बेत सोडून दिला.

"आई, बघ बघ! टाइमलॅप्स तयार झाला. सगळे फोटो जोडलेत. कळी कशी फुगतेय!"

"अगं बया! श्वास घेतल्यागत दिसती की! पळव पुढं!"

"आपोआप पळतंय ते. ही बघ पहाट झाली. संध्याकाळी ही उमलणार होती..."

"आन् ह्यो हात कुणाचा मधीच?"

"बांगड्या ओळख."

"आई गं! मीच तोडली!"

"कळीला लाल दोरा बांधला होता. समोर एवढा ट्रायपॉड उभा. तरी तोडलीस!"

"टपोरी कळी दिसली की हात जातोच. उमललेला मोगरा बाजारात कोण घेतंय?"

"हसू नकोस. आज कॅमेरा सरांना परत द्यायचाय."

"अजून दोन दिस माग. मी बोलते तुज्या सरांशी. लग्न होऊन आले तवापासून मोगरा तोडतेय, पर झाडावर उमलताना एकदा बी बघितला नाय मी."

"आणि पुन्हा तोडलीस तर?"

कुसाबाई कान देऊन पुढे वाकल्या.

"नाय तोडत! तू पहाटे उठ, आन् मला घरात ठेवून बाहेरनं कडी घाल."